पुंगळीची साक्ष आणि आप्तवाक्य

भारतीय तर्कशास्त्रात जे वाद शतकानुशतके चालत आले आणि ज्यांचा शेवटचा फैसला झाला असे आजही म्हणवत नाही, त्यांपैकी एक असा की, दुसऱ्या माणसाने सांगितल्यावरून आपणांस जे ज्ञान होते ते एका स्वतंत्र प्रमाणाचे फळ मानावयाचे, की सांगणाऱ्याची योग्यता, त्याचा हेतू आणि प्रसंग यांची मनातल्या मनात जुळणी करून आपण काढलेले ते एक अनुमानच समजावयाचे. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला शब्दाला स्वतंत्र स्थान दिले. वैशेषिकांनी आणि दिङ्नागादी बौद्ध आचार्यांनी ते काढून घेऊन शब्दाचा अंतर्भाव अनुमानात केला. चार्वाकाने तर अनुमानाचेही प्रामाण्य नाकारले. हा सारा खटाटोप धर्मग्रंथांच्या अधिकारासाठी चाललेला असल्यामुळे ज्याला धर्मग्रंथांशी कर्तव्य नाही त्याला या वादाशीही कर्तव्य नाही, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ झालेली आहे. मला ती घातक वाटते. कोणाचा शब्द ऐकावयाचा आणि कोणाचा ऐकूनही कानाआड करावयाचा, हा प्रश्न कचेरीत, न्यायासनापुढे, इतिहासाच्या दफ्तरात आणि घरच्या ओसरीवरही रोज उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर आपण बहुधा विचाराने न देता सवयीने देतो. ही सवय किती खोल जाते हे दाखविणारा पुरावा अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या एका गवताळ टेकाडावर, मातीच्या अगदी वरच्या थरात, शंभराहून अधिक वर्षे पडून होता. तो पुरावा म्हणजे बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या.

२५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी वसलेल्या लाकोटा, उत्तर शायान आणि अरापाहो लोकांच्या हजारो माणसांच्या छावणीवर लेफ्टनंट कर्नल जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर याच्या हाताखालच्या सातव्या घोडदळाने चाल केली. १८६८च्या तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगरी मुलूख लाकोटांना कायमचा तोडून दिलेला होता. १८७४ साली याच कस्टरच्या नेतृत्वाखाली गेलेल्या मोहिमेने तेथे सोने असल्याची बातमी आणली. आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ठरवून दिलेल्या हद्दीत मुदतीपूर्वी हजर झाले नाहीत या सबबीवर त्या लोकांविरुद्ध फौज रवाना झाली. कस्टरने आपले दळ विभागले. मेजर रिनो याने छावणीच्या दक्षिण टोकावर केलेला हल्ला परतवला गेला आणि त्याचे लोक नदीपलीकडच्या उंचवट्यावर कोंडले गेले; स्वतः कस्टर पाच कंपन्या घेऊन कड्याच्या बाजूने उत्तरेकडे गेला आणि त्याच्याबरोबरच्या सुमारे २१० माणसांपैकी एकही परत आला नाही. या लढाईच्या शेवटच्या भागाला साक्षीदार नाहीत, असे पुढे दोन पिढ्या लिहिले गेले. साक्षीदार हजारो होते. ते लढाई जिंकलेले होते, नंतरच्या दोन-चार वर्षांत एकेक करून शरण आलेले होते, छावण्यांत आणि सरकारी एजन्सींच्या दारांत शिध्यासाठी उभे होते, आणि दुभाष्यामार्फत कोणी विचारल्यास सांगतही होते.

काडतुसाची रचना येथे थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा तर्क तिच्यावर उभा आहे. जुन्या कागदी काडतुसाचे वेष्टन दारूबरोबर जळून वा फाटून जाई आणि मागे ओळखण्याजोगे काही उरत नसे. धातूच्या काडतुसात मात्र दारू, ठिणगी देणारा मसाला आणि गोळी ही तिन्ही एका नळीत बंद असतात. बंदुकीचा घोडा पडला की फायरिंग पिन नळीच्या बुडावर आदळते, मसाला पेटतो, दारूचा वायू होतो, आणि त्या वायूच्या दाबाने नळी फुगून बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला क्षणभर घट्ट चिकटते. गोळी पुढे निघून जाते आणि रिकामी पुंगळी मागे ओढली जाऊन झाडणाऱ्याच्या पायाशी पडते. म्हणून रणांगणात गोळी जिथे सापडते तिथे बहुधा नेम धरलेला मनुष्य असतो, आणि पुंगळी जिथे सापडते तिथे नेम धरणारा. पिनेचे टोक, चेंबरची भिंत आणि पुंगळी ओढणारा आकडा यांच्या खुणा तांब्याच्या मऊ अंगावर उमटतात. आणि कोणत्याही दोन पिना कारागिराच्या हातून अगदी सारख्या उतरत नसल्यामुळे, सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या असता त्या एकाच बंदुकीतून निघाल्या किंवा कसे, हे जाणकाराला सांगता येते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ही परीक्षा खुनाच्या तपासासाठी अमेरिकेत पद्धतशीर झाली. अर्धशतकानंतर ती एका पूर्ण रणभूमीला लावली गेली.

त्याचे निमित्त एक वणवा झाला. १९८३च्या ऑगस्टमध्ये त्या संरक्षित रणभूमीवरील दाट गवत आणि झुडपे जळून गेली आणि जमीन उघडी पडली. पुरातत्त्ववेत्ते रिचर्ड फॉक्स यांनी प्रथम पाहणी केली, आणि १९८४ व १९८५ या दोन हंगामांत डग्लस स्कॉट व फॉक्स यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांनी ओळीने उभे राहून धातुशोधक यंत्रे फिरवीत ती भूमी विंचरून काढली. यंत्र वाजले की तेथे निशाण रोवावयाचे, वस्तू माती बाजूला करून जागच्या जागी ठेवावयाची, मोजणीच्या उपकरणाने तिचे स्थान आणि रोख टिपावयाचा, आणि मगच ती उचलावयाची, असा शिरस्ता पाळला गेला. पंचनामा होण्यापूर्वी उचललेला मुद्देमाल जसा अर्ध्या मोलाचा होतो, तशीच जागेवरून हललेली पुंगळी. हौसेने वेचून खिशात घातलेल्या असल्या किती वस्तू त्या आधीच्या शंभर वर्षांत कायमच्या मुक्या झाल्या असतील, या विचाराने मन विषण्ण होते. उरलेल्या वस्तू हजारांनी निघाल्या आणि त्यांतील पुंगळ्या नेब्रास्का राज्याच्या पोलिसांच्या गुन्हेशोधन प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या.

कार्यावरून कारण ओळखण्याच्या अनुमानाला न्यायशास्त्र शेषवत् म्हणते आणि त्याचे ठरलेले उदाहरण देते ते फुगलेल्या नदीचे: पाणी गढूळ, वेगवान आणि काठोकाठ दिसले की वरच्या अंगाला पाऊस झाला असे आपण जाणतो. सूत्रकाराची प्रामाणिकता ही की, त्याने याच उदाहरणावरचा आक्षेपही ग्रंथात नोंदविला. नदी पावसाशिवाय, खाली कोठे प्रवाह अडल्यामुळेही फुगू शकेल, मग अनुमान खरे कशावरून? त्यावर उत्तर असे की, अडलेले पाणी आणि पावसाचे पाणी सारखे दिसत नाही. ज्याने नीट पाहिले नाही त्याची चूक अनुमानाच्या माथी मारू नये. लिटल बिगहॉर्नच्या संशोधकांना हा आक्षेप आणि हे उत्तर, दोन्ही पावलोपावली भेटली. घोडदळाची बंदूक म्हणजे १८७३ सालच्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड कार्बाइन. तिचे काडतूस ४५-५५ मापाचे, म्हणजे व्यास इंचाच्या पंचेचाळीस शतांशांचा आणि दारू ५५ ग्रेन. तेव्हा जिथे ४५-५५ ची पुंगळी तिथे शिपाई उभा होता, हे अनुमान सहज सुचते; परंतु रिनोच्या पराभवात मेलेल्या शिपायांच्या कार्बाइन योद्ध्यांनी काढून घेतल्या होत्या आणि त्याच दुपारी त्या उलट दिशेने झाडल्या गेल्या होत्या. ज्या व्याप्तीला, म्हणजे खूण आणि कारण यांच्या नित्य साहचर्याला, अशी उपाधी, म्हणजे बाहेरची अट, चिकटली आहे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून एकेका बंदुकीची स्वतंत्र ओळख पटवावी लागली, तीच बंदूक अन्यत्र कोठे झाडली गेली हे शोधावे लागले, सभोवती आणखी काय पडले होते हे पाहावे लागले. आणि मगच कार्बाइन कोणत्या बाजूच्या हाती होती याचा अंदाज करता आला.

याहून मार्मिक उपयोग झाला तो अभावाचा. कुमारिलाच्या अनुयायी मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धी नावाचे सहावे प्रमाण मानले: जी वस्तू असती तर दिसलीच असती ती दिसत नाही, या न दिसण्यानेच तिच्या नसण्याचे ज्ञान होते. फिलाडेल्फिया येथील फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये सैन्यासाठी तयार होणाऱ्या काडतुसांच्या बुडावर १८७७ सालापर्यंत कसलाही शिक्का नसे. त्या वर्षापासून बंदुकीचा प्रकार, कारखान्याचे आद्याक्षर, महिना आणि साल ही तेथे उठविली जाऊ लागली. तेव्हा त्या भूमीत सापडलेली शिक्क्याची लष्करी पुंगळी लढाईची असूच शकत नाही, ती नंतरच्या वर्षांत स्मरणार्थ झाडलेल्या सलामीची वा अशाच कसल्या गोळीबाराची असली पाहिजे. आणि कोऱ्या बुडाची पुंगळी लढाईच्या दिवसाची असू शकते. निव्वळ कोरेपणाने इतके महत्त्वाचे काही सांगावे याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ साली सुरू झाला, तयार झालेल्या ३०३ काडतुसांच्या बुडावरही कारखान्याची आद्याक्षरे, सालाचे आकडे आणि मार्कचा रोमन अंक असे. ज्याला ती लिपी वाचता येते त्याला परदेशच्या मातीतही खडकीची पुंगळी ओळखता येईल. पण ती अक्षरे काडतूस कोठे आणि केव्हा घडले एवढेच सांगतात. ते कोणी झाडले, मराठा पलटणीच्या जवानाने की त्याच्याच शस्त्राने त्याच्यावर उलटलेल्या कोणी, हे त्यांच्या अधिकाराबाहेरचे आहे.

पुंगळ्यांवरून निघालेले निष्कर्ष थोडक्यात असे. कस्टरच्या विरुद्ध बाजूकडे धनुष्यबाणांखेरीज बंदुका होत्या, आणि त्या थोड्याथोडक्या नव्हत्या. दोन्ही बाजूंची मिळून चाळीसहून अधिक प्रकारची अग्निशस्त्रे ओळखली गेली. त्यांत हेन्री आणि १८६६च्या विंचेस्टर या जातीच्या, एकामागून एक भराभर बार काढणाऱ्या बंदुका होत्या, ज्यांची पिन पुंगळीच्या कडेवर दोन ठिकाणी आघात करते आणि ज्यांच्या काडतुसांच्या बुडावर पुष्कळदा हेन्रीचे आद्याक्षर असते. कॅलहून हिल या दक्षिणेकडील टेकाडाच्या अलीकडे एका जागी अशा पुंगळ्या इतक्या दाट सापडल्या की संशोधकांनी त्या जागेला हेन्रीव्हिल हेच नाव दिले. शिपायांच्या पुंगळ्या त्या टेकाडावर अंतराअंतराने पडलेल्या आढळल्या, म्हणजे तेथे काही काळ कवायतीप्रमाणे रांग धरून लढाई झाली. पुढे उत्तरेकडे, जिथे कस्टर पडला आणि ज्याचे चित्र शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणाऱ्या वीरांचे वर्तुळ म्हणून अमेरिकेतल्या घराघरांत टांगले गेले, तेथे शिपायांच्या पुंगळ्या विरळ होत गेल्या. तांब्याच्या पुंगळ्या तापलेल्या चेंबरमध्ये अडकल्या म्हणून पराभव झाला, हे जे कारण आवडीने पुढे केले जाई, त्याचीही झाडाझडती झाली. चाकूने उचकटल्याच्या खुणा शंभरात तीन-चार पुंगळ्यांवरच निघाल्या. फॉक्स यांनी १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, दक्षिणेकडची रांग मोडल्यावर दळाची एकी नाहीशी झाली, माणसे घोळक्या-घोळक्याने पळू लागली आणि अखेर थोड्याच वेळात झाली.

हे जवळजवळ सगळे आधी सांगितले गेले होते. भुकेल्या माणसाला जेवायला लागतो तेवढ्याच वेळात सारे संपले, असे त्या दिवशी लढलेल्या एका योद्ध्याने सांगून ठेवलेले आहे. शिपाई प्रथम नीट लढले आणि मग त्यांचे भान सुटले, हे अनेकांनी सांगितले. मिनेकोंजू लाकोटा रेड हॉर्स याने १८८१ साली एका लष्करी वैद्याच्या विनंतीवरून रंगीत पेन्सिलींनी ४२ चित्रे काढून दिली, त्यांत पडलेले घोडे आणि पडलेली माणसे दोन्ही बाजूंची आहेत. कस्टरच्या क्रो जातीच्या वाटाड्यांपैकी कर्ली याने आपण काय पाहिले ते वारंवार सांगितले; दुभाषे बदलले, प्रश्न विचारणाऱ्यांनी हवी ती उत्तरे त्याच्या तोंडी घातली, आणि मग जबान्यांत फरक पडतो म्हणून त्यालाच लबाड ठरविण्यात आले. १९९१ साली जॉन ग्रे यांनी अंतर आणि वेळ यांचा कसून हिशेब मांडून त्याच्या सांगण्यातला गाभा खरा होता हे दाखवून दिले, तेव्हा कर्ली मरून जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. आणखी तीन क्रो वाटाड्यांनी १९०७च्या सुमारास छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांना रणभूमीवर नेऊन सांगितले की, खाली रिनो झुंजत असता कस्टर वरून पाहत राहिला. कर्टिस यांनी ती हकीकत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवली, प्रसिद्ध न करण्याचा सल्ला मिळाला, आणि ती ग्रंथातून गळाली. कस्टरची विधवा १९३३ सालापर्यंत जिवंत होती आणि तिच्या दुःखाचा मान राखून गोऱ्या अधिकाऱ्यांनीही पुष्कळ काही मनात ठेवले. त्या मौनात सौजन्य होते हे मी मान्य करतो. मात्र त्या सौजन्याची भरपाई कर्लीच्या अब्रूतून झाली, हेही नोंदविले पाहिजे.

आता वात्स्यायनाकडे वळतो. न्यायसूत्रांवरील त्याच्या भाष्यात, म्हणजे सुमारे पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी, आप्ताचे लक्षण असे केले आहे की, ज्याला वस्तूचे स्वरूप साक्षात् कळलेले आहे आणि जसे कळले तसे दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने जो प्रवृत्त झाला आहे, तो आप्त. एवढ्यावर न थांबता तो पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. ज्या समाजात म्लेच्छाच्या स्पर्शाचाही विधिनिषेध होता त्या समाजातल्या एका ब्राह्मण तर्कपंडिताने, प्रमाणाची व्याख्या करतेवेळी, कुळ आणि धर्म यांना साक्षीच्या दालनाबाहेर ठेवले, ही गोष्ट आपल्या परंपरेतील अत्यंत उदात्त गोष्टींपैकी एक आहे असे मी समजतो. आणि ती आचरणात किती थोडी उतरली याची लाजही मला तितकीच वाटते. कर्लीला काय ठाऊक होते आणि तो खरे सांगू इच्छीत होता की नाही, हे दोनच प्रश्न वात्स्यायनाने विचारले असते. कर्लीच्या गोऱ्या देशबांधवांनी तिसरा प्रश्न विचारला, की हा कोण. आणि त्याच प्रश्नावर सुनावणी संपविली.

आपल्या इकडे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून बखरींवरचा आपला विश्वास उडाला आणि अस्सल कागदाचे मोल वाढले. ते कार्य फार मोठे होते आणि बखरकारांच्या चुकांची यादी करणे आवश्यकच होते. परंतु त्या शिस्तीचा एक आडपरिणाम असा झाला की, ज्यांच्याकडे कागद लिहिण्याची विद्या वा अधिकार कधीच नव्हता त्यांच्या तोंडच्या आठवणी, पोवाडे, वाड्यावस्त्यांवरच्या कथा आपण एकदम दुय्यम मानल्या. कागद आणि पुंगळी यांना खोटे बोलता येत नाही, हे त्यांचे बळ. बोलताच येत नाही, हे त्यांचे दौर्बल्य.

येथे वैशेषिक आणि बौद्ध पक्ष असे विचारील की, लाकोटांचा आणि शायानांचा शब्द अखेर पुंगळ्यांनी खरा ठरविला, म्हणजे शब्दाचे प्रामाण्य अनुमानावरच अवलंबून राहिले, हे तुमच्याच उदाहरणाने सिद्ध होत नाही काय? हा आक्षेप हलका नाही. योद्ध्यांच्या जबान्यांत परस्परविरोध होता, काल आणि अंतर सांगण्याची त्यांची रीत वेगळी होती, काहींना शिक्षेचे भय होते, आणि त्यांतले सरसकट सगळे स्वीकारणे शक्य नव्हते. निवड करण्यास पुंगळ्यांचा उपयोग झाला हे खरेच आहे. तरीही रणभूमीच्या त्या नकाशाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, जबान्यांवाचून तो नकाशा नुसता ठिपक्यांचा आहे. कोणत्या ठिपक्यापासून कोणत्या ठिपक्याकडे बंदूक गेली, हे दिशा ठाऊक असल्यावाचून पुंगळी सांगत नाही, कारण तिच्यावर स्थळ आहे, वेळ नाही; आधी दक्षिण आणि मग उत्तर, हा क्रम संशोधकांना माणसांनी सांगितला. शब्दाने अनुमानाला दृष्टी दिली आणि अनुमानाने शब्दाला आधार दिला. ज्ञानाच्या दोन साधनांनी परस्परांची रुजवात घालावी याने एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्यात विलीन होत नाही. डोळ्यांनी पाहिलेले हाताने चाचपून पाहिले म्हणून कोणी डोळा हा हाताचा प्रकार आहे असे म्हणत नाही. आणि तेथील सरकारनेही काही अंशी हे मान्य केले आहे. १८९० साली शिपाई पडले त्या जागांवर पांढरे संगमरवरी दगड बसविले गेले, आणि उत्खननाने असे दाखविले की एकाच मृतासाठी पुष्कळ ठिकाणी दोन दोन दगड आहेत. पडलेल्या योद्ध्यांसाठी तांबडे ग्रॅनाइट दगड बसविण्यास १९९९ साली प्रारंभ झाला. त्यांच्या जागा वंशजांनी तोंडी जपलेल्या आठवणींवरून ठरल्या.

पुंगळी कर्त्याच्या अगदी निकट पडते. त्याच्या पावलांपासून दोन हातांवर, कधी त्याच्या देहाखालीच. असे असूनही तिच्यावरून बंदूक कळते, माणूस कळत नाही, आणि माणसाचा संकल्प तर मुळीच कळत नाही. त्या टेकाडावर शेवटी शेवटी काही शिपायांनी स्वतःवरच बंदुका चालविल्या, असे उत्तर शायान वुडन लेग याने डॉक्टर टॉमस मार्किस यांना सांगितले होते. मार्किस यांनी या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाला त्यांच्या हयातीत प्रकाशक मिळाला नाही, आणि १९३५ साली ते वारल्यावर चाळीस वर्षांनी ते छापले गेले. अस्थींच्या तपासात या म्हणण्याला फारसा आधार मिळालेला नाही; पण जे बार झाले त्यांपैकी एखादा शत्रूकडे रोखलेला होता की आपल्याच कपाळाकडे वळलेला, हे पिनेच्या खुणेवरून कोणालाच सांगता येणार नाही, कारण दोन्हीची खूण एकच. मीमांसक म्हणतात की कर्म संपले तरी त्याचे अपूर्व, म्हणजे पुढे फळ देणारी अदृश्य शक्ती, कर्त्याच्या ठायी राहते. ते अपूर्व तांब्यावर उमटत असते तर धर्माधर्माचा निर्णय प्रयोगशाळेत झाला असता. कर्माची बाह्य मुद्रा आणि कर्माचे नैतिक स्वरूप यांच्यामध्ये जी दरी आहे, ती ओलांडण्यास कर्त्याच्या किंवा त्याच्यासमीप असलेल्याच्या शब्दावाचून दुसरा मार्ग नाही. आणि तो शब्दही फसवा असू शकतो हे ठाऊक असूनच आपण तो ऐकतो.

शेवटी न्यायसूत्रांतील आणखी एका विभागणीचा विचार करावयाचा आहे. शब्द दोन प्रकारचा: ज्याचा विषय इहलोकी पडताळता येतो तो दृष्टार्थ, आणि ज्याचा विषय असा पडताळता येत नाही तो अदृष्टार्थ. लढाईपूर्वी थोडे दिवस लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल याने सूर्यनृत्याच्या विधीत आपल्या दोन्ही बाहूंवरील मांसाचे शंभर तुकडे अर्पण केले आणि त्यानंतर त्याला दिसले की शिपाई खाली डोके वर पाय अशा स्थितीत छावणीत कोसळत आहेत. हा अदृष्टार्थ शब्द आहे. ब्लॅक हिल्स हे आपल्या लोकांचे पवित्र स्थान आहे, ते विकता येत नाही, हे लाकोटांचे म्हणणेही त्याच कोटीतले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली तो मुलूख अन्यायाने घेतला गेला हे कबूल केले आणि सुमारे १० कोटी ६० लाख डॉलरची भरपाई कायम केली. तह, मोहीम, फर्माने, सारी कागदपत्रे त्या निवाड्याच्या पाठीशी होती. लाकोटांनी ते द्रव्य घेतले नाही. व्याजासह ती रक्कम आता एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे आणि आर्थिक विपन्नतेत दिवस काढणारे ते लोक आजही तिला हात लावीत नाहीत. जमिनीचे पावित्र्य कोणत्याही पुंगळीने सिद्ध होणार नाही आणि कोणत्याही पुंगळीने खोटे पडणार नाही, म्हणून न्यायालयापुढे त्याची नोंद किमतीच्या रकान्यातच होऊ शकली. नैयायिक मात्र याविषयी एक युक्तिवाद करतो, आणि तो मला मान्य आहे: मंत्र आणि आयुर्वेद यांच्या बाबतीत, म्हणजे जिथे पडताळा शक्य आहे तिथे, ज्यांचा शब्द खरा ठरला, त्यांचा शब्द जिथे पडताळा शक्य नाही तिथेही आदराने घ्यावा. रांग कोठे मोडली, अखेर किती वेळात झाली, कोणत्या टेकाडावर कोण होते, हे सांगताना ज्यांना शंभर वर्षे खोटे म्हटले गेले आणि ज्यांचे सांगणे जमिनीने खरे करून दाखविले, तेच लोक त्या डोंगरांविषयी बोलत आहेत. त्यांची ही साक्ष मी ग्राह्य धरतो, आणि ज्याला ती अग्राह्य वाटते त्याने कर्लीच्या जबानीचे काय झाले होते ते आधी पाहावे.